जुनी मासेमारी नौका दान देताना

वापरलेली मासेमारी नौका धर्मादाय संस्थेला देण्याची पद्धत खऱ्या अर्थाने रुजली ती अमेरिकेत. नौका द्या, ती आम्ही ओढून नेऊ आणि तुम्हाला प्राप्तिकरात वजावट मिळेल, अशा आशयाच्या जाहिराती तिथे सर्रास आढळतात. त्या दानामागे दानत असतेच. पण या पद्धतीला आकार दिला तो करकायद्याने. त्यामुळे नौका सांभाळण्याचा खर्च आणि वजावटीचे नियम या दोन गोष्टी कळल्याशिवाय हा विषय उलगडत नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. नौका घेणारी संस्था तिचे पुढे काय करते? देणाऱ्याचे लक्ष बहुधा याच प्रश्नाकडे सर्वांत कमी असते, आणि दानाची खरी किंमत मात्र त्याच्या उत्तरावरच ठरते.

आपल्याकडे मासेमारी नौका म्हटली की पोटापाण्याचे साधन डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत दानात येणाऱ्या नौका बहुतेक हौसेखातर गळ टाकणाऱ्यांच्या असतात. पंधरा ते पंचवीस फूट लांबीची फायबरची किंवा अॅल्युमिनियमची बोट, मागच्या बाजूला लावलेले आउटबोर्ड इंजिन आणि मोटारीला जोडून ओढायचा ट्रेलर, असा साधारण संच असतो. धंद्यासाठी वापरलेला ट्रॉलर किंवा शेवंड पकडणारी बोट दानात क्वचित येते. आली तर तिचे हिशेब निराळे असतात. त्याकडे पुढे वळता येईल.

हौसेची बोट घरात आली की खर्चही मागोमाग येतो. मरीनात ती बांधून ठेवण्याचे भाडे, विमा, नोंदणीचे नूतनीकरण, दरवर्षी तळाला लावायचा रंग, उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यापुरती पाण्याबाहेर काढून झाकून ठेवण्याचा खर्च, हे सारे बोट वापरली नाही तरी चालूच राहते. वापरात नसलेली बोट तर अधिक लवकर खराब होते. टाकीतले पेट्रोल जुने होऊन चिकटते, रबरी पट्ट्या वाळतात, बॅटऱ्या उतरतात, तळात पावसाचे पाणी साचते. इंजिनात राहिलेले पाणी थंडीत गोठले तर ते इंजिनच तडकवते. मालकाचे वय झाले, मुले दूर शहरांत गेली, विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळत नाही, अशा वेळी दानाचा विचार सुचतो. त्यात गैर काही नाही. पण आपल्याला जड झालेली वस्तू दुसऱ्याला उपयोगी पडेलच, असे गृहीत धरण्यात मोठी चूक होते.

वजावटीचा कायदा

२००४ पर्यंत अमेरिकेत दान दिलेल्या वाहनाची किंमत दाता स्वतःच ठरवत असे. जुन्या वाहनांच्या भावांची छापील पुस्तके मिळतात. त्यात पाहून तो चांगल्या स्थितीतल्या वाहनाचा आकडा उचलायचा आणि करविवरणात भरायचा. संस्था ते वाहन लिलावात मिळेल त्या किमतीला काढून टाकायची. २००३ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने या प्रकाराचा अहवाल दिला. त्यात २००० या करवर्षाचा हिशेब होता: सुमारे ७ लाख ३३ हजार करदात्यांनी वाहनदानाची वजावट घेतली आणि त्यामुळे सरकारचा सुमारे ६५ कोटी ४० लाख डॉलरचा कर कमी झाला. कार्यालयाने ५४ वाहनांचा शेवटपर्यंत माग काढला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांत दात्याने दाखवलेल्या किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडल्याचे दिसले. हा अभ्यास मुख्यतः मोटारींचा होता. पण त्यातून जो कायदा आला, त्याने मोटार, नौका आणि विमान या तिन्हींना एकाच नियमात बसवले.

तो कायदा ऑक्टोबर २००४ मध्ये झाला आणि १ जानेवारी २००५ पासूनच्या दानांना लागू झाला. त्याचे सूत्र सरळ आहे. नौकेची दाखवलेली किंमत ५०० डॉलरहून अधिक असेल आणि संस्थेने ती विकून टाकली, तर दात्याला वजावट मिळते ती विक्रीतून प्रत्यक्ष आलेल्या रकमेएवढीच. समजा, एखाद्याच्या मते त्याची बोट १२ हजार डॉलरची आहे आणि लिलावात तिला साडेतीन हजार आले. मग वजावट साडेतीन हजारांचीच. हा दाता २२ टक्के कराच्या टप्प्यात असेल, तर त्याचे वाचतात ७७० डॉलर. वजावट म्हणजे करातून थेट वळती होणारी रक्कम नव्हे. ज्या उत्पन्नावर कर बसतो त्या उत्पन्नातून ती वजा होते. जाहिरातीच्या भरात हा फरक अनेकांच्या नजरेतून सुटतो. लिलावात ५०० डॉलर किंवा त्याहून कमी आले, तर ५०० डॉलर किंवा नौकेची खरी बाजारकिंमत यांतली जी रक्कम कमी असेल, तेवढी वजावट घेता येते.

पूर्ण बाजारकिमतीची वजावट मिळण्याचे मार्ग कायद्याने ठेवले आहेत, पण ते सगळे संस्थेच्या कामातून जातात. संस्थेने नौका विकण्याआधी आपल्या मूळ कार्यासाठी भरीव प्रमाणात वापरली, तिच्यात मोठी दुरुस्ती करून तिची किंमत लक्षणीय वाढवली, किंवा गरजू व्यक्तीला ती फुकट अथवा बाजारभावाहून बऱ्याच कमी किमतीत दिली आणि असे देणे हेच संस्थेचे काम असेल, तरच ही सवलत लागू होते. एक-दोनदा फेरी मारून आणणे हा भरीव वापर ठरत नाही. धुणे, रंगवणे, किरकोळ डागडुजी करणे याला मोठी दुरुस्ती म्हणत नाहीत. नियमाचा आशय न्याय्य आहे: नौकेने समाजाच्या पदरात जेवढे टाकले, तेवढेच श्रेय देणाऱ्याला.

कागदपत्रांचेही नियम ठरलेले आहेत. संस्था दात्याला 'फॉर्म १०९८-सी' देते. नौका विकली असेल तर विक्रीपासून तीस दिवसांत आणि संस्था ती स्वतः वापरणार असेल तर दानापासून तीस दिवसांत हा फॉर्म द्यावा लागतो. तो विवरणाला जोडला नाही तर ५०० डॉलरवरची वजावट मिळत नाही. पूर्ण बाजारकिमतीची वजावट मागायची असेल आणि ती पाच हजार डॉलरच्या वर जात असेल, तर पात्र मूल्यांककाचा लेखी अहवाल लागतो. तो दानाच्या आधी साठ दिवसांपेक्षा जुना चालत नाही. असे मूल्यांकन असलेली नौका संस्थेने तीन वर्षांच्या आत विकली, तर ती किती किमतीला गेली हे संस्थेला कर खात्याला कळवावे लागते. खोटी पावती देणाऱ्या संस्थेला दंड आहे. अवाच्या सव्वा किंमत दाखवणाऱ्या दात्यालाही आहे.

२०१७ च्या करसुधारणेने या आकर्षणाला आणखी ओहोटी लावली. कोणताही तपशील न देता मिळणारी सरसकट वजावट २०१८ पासून जवळपास दुप्पट झाली, एकट्यासाठी १२ हजार आणि पती-पत्नींसाठी २४ हजार डॉलर. पुढे ती वाढतच गेली. आधी साधारण तीस टक्के करदाते दानधर्म, घरकर्जाचे व्याज वगैरे तपशीलवार मांडत. ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास उतरले. सरसकट वजावट घेणाऱ्या कुटुंबाला अडीच-तीन हजारांची नौका दिल्याने करात एरवी फरक पडत नाही. तरीही नौका द्यायची असेल, तर ती करासाठी नव्हे हे मनाशी ठरवूनच दिलेली बरी.

आता धंद्याच्या नौकेचा हिशेब. मच्छीमार आपल्या नौकेवर दरवर्षी घसारा काढत असतो. दोन लाख डॉलरला घेतलेला ट्रॉलर काही वर्षांत वहीखाती शून्यावर येतो, पण बाजारात त्याला अजून साठ हजार डॉलर येऊ शकतात. तो विकला असता तर हे साठ हजार पूर्वी घेतलेल्या घसाऱ्याची परतफेड म्हणून साधे उत्पन्न ठरले असते आणि त्यावर कर लागला असता. अमेरिकी कायद्याचा नियम असा, की विक्रीत जो भाग साधे उत्पन्न ठरला असता, तो दानाच्या वजावटीतून वगळायचा. म्हणजे साठ हजारांतून साठ हजार गेले आणि हाती आले शून्य. पिढीजात मच्छीमाराने निवृत्त होताना आपली नौका एखाद्या शाळेला दिली, तर त्याचे मोल मोठे. पण कर खात्याच्या लेखी ते बहुतेकदा काहीच नसते. हौशी माणसाला मिळणारी सवलत कष्टकऱ्याला मिळत नाही, हे खटकणारे आहे. परंतु एकाच रकमेवर दोनदा सूट द्यायची नाही, या तत्त्वातून ते आलेले आहे.

मालकी, बोजा आणि परवाना

नौका हस्तांतरित करणे मोटारीपेक्षा किचकट आहे. लहान बोटींची नोंदणी राज्य सरकारकडे असते. १ नोव्हेंबर १९७२ नंतर बांधलेल्या बोटींच्या मागच्या भागावर बारा अक्षरांकांचा ओळख क्रमांक कोरलेला असतो, आणि तो कागदावरच्या क्रमांकाशी जुळावाच लागतो. ट्रेलरची मालकी वेगळ्या कागदावर असते. इंजिनाचे कागदही काही राज्यांत वेगळे असतात. धंद्यासाठी मासेमारी करणाऱ्या, पाच नेट टन आणि त्यावरील नौकांची नोंद थेट केंद्राच्या तटरक्षक दलाकडे असते. तिचे दफ्तर वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या फॉलिंग वॉटर्स या समुद्रापासून दूर असलेल्या गावी आहे. तिथून नौकेचा उतारा मागवता येतो: आजवरचे मालक कोण, गहाण कुणाकडे, बोजा किती.

हा बोजा फार जपून पाहावा लागतो. सागरी कायद्यात खलाशांचे थकलेले पगार, दुरुस्तीची बिले, इंधनाची उधारी, धक्क्याचे भाडे यांचे देणे फक्त मालकावर नव्हे, तर नौकेवरही बसते. मालक बदलला तरी देणे नौकेबरोबर जाते. नौका फुकट मिळाली म्हणून आनंदात असलेल्या संस्थेच्या दारात सहा महिन्यांनी एखादा कारखानदार जुने बिल घेऊन उभा राहू शकतो. म्हणून जाणत्या संस्था कागद पाहिल्याशिवाय नौकेला हात लावत नाहीत.

परवान्याची गोष्ट आणखी वेगळी. आज अनेक ठिकाणी खरी किंमत नौकेच्या लाकडाला किंवा इंजिनाला नसते, ती मासे पकडण्याच्या हक्काला असते. अलास्कात १९७३ च्या कायद्यानुसार सामन माशाचे मर्यादित परवाने व्यक्तीच्या नावे दिले जातात. ईशान्य किनाऱ्यावर कॉड-हॅडॉक यांसारख्या माशांच्या परवान्याचा इतिहास नौकेला जोडलेला असतो. एका ठिकाणी नौका दिली तरी परवाना मालकाकडेच राहतो, तर दुसरीकडे तो वेगळा काढून ठेवायचा तर आधी रीतसर अर्ज करावा लागतो. हे न तपासता केलेल्या दानपत्रात लाखमोलाचा हक्क नकळत जाऊ शकतो, किंवा संस्थेला मासेमारीची नौका मिळते आणि मासेमारीची परवानगी मात्र मिळत नाही.

कागद नीट असले की नौकेची तपासणी होते. अनुभवी नौका-सर्वेक्षक हातोडीने फायबरवर टकटक करत जातो. आवाज बद्द आला की आतले थर सुटल्याचे त्याला कळते. ओलावा मोजण्याचे यंत्र लावून डेकखालचे लाकूड कुजले आहे का, हे तो पाहतो. इंजिन किती तास चालले, टाकीला गंज आहे का, विजेच्या तारा कशा आहेत याची नोंद होते. जुन्या नौकांत आणखी काही धोके दडलेले असतात. इंजिनखोलीत अॅस्बेस्टॉस, रंगात शिसे, तळाच्या रंगात शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून घातलेले ट्रायब्यूटिल्टिन. या शेवटच्या रसायनाने शिंपल्यांची आणि गोगलगायींची मोठी हानी केली आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्यावर बंदी आली. अशी नौका स्वीकारणे म्हणजे तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारीही स्वीकारणे. दाता आणि संस्था यांच्यात हे मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. दोष लपवून दिलेली नौका घेणाऱ्याच्या गळ्यात अडकते.

नौका जाते कुठे

बहुतेक नौका लिलावात विकल्या जातात, पैसे संस्थेच्या कामाला जातात, आणि त्या पैशांतला वाटा मधल्या दलालांनाही जातो. किती जातो हे दात्याने विचारले पाहिजे. चांगली संस्था ते सांगते. संस्था करमुक्त दानास पात्र आहे की नाही, हे अमेरिकी कर खात्याच्या सार्वजनिक यादीत कुणालाही तपासता येते. संस्थेआधी पूर्ण किमतीच्या वजावटीची हमी देणारा मध्यस्थ समोर आला, तर तिथेच थांबावे.

काही संस्थांना मात्र खरोखर नौकाच हवी असते. १९१२ पासून चालत आलेले सी स्काउट मुलामुलींना दर्यावर्दीपणाचे शिक्षण देतात आणि त्यांची पथके दानात मिळालेल्या नौकांवर बरीच अवलंबून असतात. सागरी महाविद्यालयांच्या प्रतिष्ठानांना, मत्स्यशास्त्राच्या संशोधकांना, अपंगांना समुद्रावर नेणाऱ्या संस्थांना रुंद डेकची स्थिर मासेमारी नौका सोयीची पडते. अशा ठिकाणी नौका टिकते, आणि दात्याला वजावटही अधिक मिळते, कारण संस्था ती वापरते.

मासेमारी नौकेच्या दानाचे सर्वांत देखणे उदाहरण मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्लॉस्टर बंदरात आहे. १९२६ मध्ये शेजारच्या एसेक्स गावी 'अॅडव्हेंचर' ही सुमारे १२१ फूट लांबीची शिडाची स्कूनर बांधली गेली. तिच्यावरून छोट्या डोरी होड्या समुद्रात सोडल्या जात. प्रत्येक होडीत दोघे जण लांब दोरीला लावलेल्या गळांनी कॉड आणि हॅलिबट पकडत. धुक्यात मोठी नौका दिसेनाशी झाली, तर परतीची खात्री नसे. १९५३ मध्ये तिची मासेमारी थांबली, कारण डोरीवर जाणारी माणसेच उरली नव्हती. पुढे मेन राज्यात ती प्रवाशांना सफरीवर नेऊ लागली. १९८८ मध्ये तिचे मालक कॅप्टन जिम शार्प यांनी ती ग्लॉस्टरच्या लोकांना दान दिली, एका अपेक्षेने: तिचे जतन व्हावे. १९९४ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. पण दानपत्रावर सही होऊन काम संपले नाही. नौकेच्या लाकडाचा मोठा भाग बदलावा लागला, त्यासाठी दशकांनी मोजावा इतका काळ आणि लाखो डॉलर लागले, आणि ते उभे केले गावकऱ्यांनी, स्वयंसेवकांनी, निधी देणाऱ्यांनी. फुकट मिळालेली लाकडी नौका ही सर्वांत महागडी भेट ठरते. आणि ती पेलणारे गाव मिळाले तर सर्वांत मोलाचीही.

दुसरे उदाहरण तर एका देशाने दुसऱ्या देशाला दिलेल्या दानाचे आहे. १८९४ मध्ये त्याच एसेक्समध्ये पाण्यात उतरलेली 'एफी एम. मॉरिसी' आधी मासेमारी करत होती. नंतर कॅप्टन बॉब बार्टलेट यांनी ती वीस वर्षे उत्तर ध्रुवाकडच्या शोधमोहिमांवर नेली. बार्टलेट १९४६ मध्ये वारले. मग ती आफ्रिकेच्या पश्चिमेच्या केप व्हर्द बेटांकडे गेली, 'एर्नेस्टिना' या नावाने माल आणि स्थलांतरित अमेरिकेत आणू लागली. स्वतंत्र झालेल्या केप व्हर्द प्रजासत्ताकाने १९८२ मध्ये ती अमेरिकेच्या लोकांना भेट दिली. न्यू बेडफर्डच्या परिसरातल्या अनेक केप व्हर्दी कुटुंबांसाठी ती पूर्वजांना घेऊन आलेली नौका होती. तिच्याही दुरुस्तीला पुढे अनेक वर्षे लागली; आज ती मॅसॅच्युसेट्सच्या सागरी अकादमीकडे प्रशिक्षणनौका म्हणून आहे.

संग्रहालये मात्र प्रत्येक जुनी नौका घेऊ शकत नाहीत. त्यांना त्या प्रकारची नौका आपल्याकडे आधीच आहे का, तिचा इतिहास काय, ठेवायला जागा आहे का, देखभालीला पैसे आहेत का, हे पाहावे लागते. नकार मिळाला तर त्यात अपमान नाही. युरोपात याची दुसरी बाजू दिसली. माशांचे साठे घटल्यामुळे युरोपीय संघाने मच्छीमारांना धंदा सोडण्यासाठी अनुदान दिले, पण बरीच वर्षे अट अशी होती की नौका मोडून टाकायची. ग्रीसमध्ये कारागिरांनी हाताने बांधलेल्या हजारो लाकडी नौका यंत्रांनी चिरडल्या गेल्या. २०१४ च्या नियमांनी पारंपरिक लाकडी नौका मासेमारीबाहेर वापरण्याची आणि किनाऱ्यावर वारसा म्हणून जतन करण्याची वाट मोकळी केली. तोवर बरेच काही हातातून गेले होते.

काही पोलादी नौकांचा शेवट समुद्रतळाशी होतो. तेल, इंधन, प्लॅस्टिक, तारा, रंगाचे सुटे पापुद्रे काढून पूर्ण स्वच्छ केलेली नौका ठरलेल्या जागी बुडवतात आणि तिच्यावर प्रवाळ, शिंपले, मासे वस्ती करतात. त्यासाठी १९८४ चा केंद्रीय कायदा आणि राज्यांचे परवाने आहेत. फायबरची हलकी नौका या कामाला चालत नाही. वादळात ती उचलली जाते.

फायबर हीच सर्वांत मोठी अडचण आहे. लाकूड कुजते, लोखंड भंगारात जाते, फायबर मात्र तसेच उरते. काच आणि राळ यांचे ते मिश्रण वेगळे करणे महागडे आहे. वाळलेल्या गवतात, ओढ्याकाठी, मोकळ्या मैदानांत सोडून दिलेल्या अशा नौका अमेरिकेच्या किनारी राज्यांना छळतात. वॉशिंग्टन राज्याने बेवारस नौका हटवण्याचा कार्यक्रम २००२ मध्ये सुरू केला आणि पुढे लोकांनी स्वतःहून नौका आणून द्याव्यात अशीही सोय केली. फ्रान्समध्ये २०१९ पासून नौका बनवणाऱ्यांच्या खर्चाने जुन्या हौसेच्या नौका मोडण्याची व्यवस्था उभी आहे. नौका खरोखर संपली असेल, तर तिचा योग्य मार्ग हाच. ती संस्थेच्या माथी मारणे हे दान नव्हे.

मच्छीमाराला थेट दिलेली नौका

नौका मच्छीमारालाच द्यावी, हा विचार सर्वांना प्रथम सुचतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तो फार मोठ्या प्रमाणावर करून पाहायला लावला. तामिळनाडूत नागपट्टिनम, कडलूर आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर, श्रीलंकेत आणि इंडोनेशियाच्या आचेमध्ये हजारो नौका फुटल्या किंवा वाहून गेल्या. जगभरातून पैसा आला आणि नौका देणे हे मदतीचे सर्वांत ठळक रूप ठरले. फोटोत ते चांगले दिसते. नवी रंगवलेली नौका, तिच्यावर देणाऱ्या संस्थेचे नाव. घाईत बांधलेल्या काही फायबरच्या नौका मात्र नीट जाडीच्या नव्हत्या, काहींचे सांधे कच्चे होते. अन्न आणि कृषी संघटनेने नौकांचा दर्जा आणि संख्या, दोन्हींबद्दल इशारे दिले. कित्येक ठिकाणी त्सुनामीपूर्वी ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवर जाणाऱ्यांना फायबरच्या इंजिनाच्या नौका मिळाल्या आणि नौकांची संख्या पूर्वीपेक्षा वाढली. मासे तेवढेच होते. जे आधी खलाशी होते तेही नौकांचे भागीदार मालक झाले, आणि नौका चालवायला माणसे मिळेनाशी झाली. जाळी विणणाऱ्या, मासे सुकवणाऱ्या, टोपलीतून विकणाऱ्या बायांच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडे आले.

याच वेळी युरोपीय संघाने मोडीत काढायच्या आपल्या जुन्या नौका त्सुनामीग्रस्तांना देण्याची तरतूद मार्च २००५ मध्ये मंजूर केली. बारा मीटरपेक्षा लहान, पाच ते वीस वर्षे वयाची, समुद्रात जाण्यास योग्य, अशा अटी होत्या. मच्छीमारांच्या संघटनांनी आणि चेन्नईतून काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मच्छीमार-समर्थन संघटनेसारख्या गटांनी तिला विरोध केला. थंड अटलांटिकसाठी बांधलेली नौका बंगालच्या उपसागरातल्या लाटांतून वाळूवर ओढता येत नाही. तिच्या इंजिनाचे सुटे भाग नागपट्टिनममध्ये मिळत नाहीत. वाहतुकीच्या पैशात गावातल्या सुतारांकडून नवी नौका बांधून होते, आणि त्या सुतारांनाही कामाची तितकीच गरज होती. हे सगळे आक्षेप रास्त होते. नौका ही त्या-त्या किनाऱ्याची असते. तिची बांधणी तिथल्या लाटा, वाळू आणि मासे पाहूनच झालेली असते.

महाराष्ट्रातली स्थिती

महाराष्ट्रात जुनी मासेमारी नौका दान देणे कायद्याने शक्य आहे, पण अमेरिकेसारखे आमिष इथे नाही. प्राप्तिकर कायद्यातल्या '८०जी' म्हणून परिचित असलेल्या सवलतीत फक्त पैशाच्या दानाचा समावेश होतो; वस्तूरूपाने दिलेल्या दानाला वजावट नाही. शिवाय दोन हजार रुपयांवरचे रोख दानही तिच्यात बसत नाही. म्हणून ज्याला करसवलत हवी, त्याने नौका विकावी आणि आलेली रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून संस्थेला द्यावी, हाच सरळ मार्ग.

इथली नौका सहसा वाया जात नाही, हेही एक कारण आहे. बंदरावर जुन्या नौकेला गिऱ्हाईक असते. सहा सिलिंडरचे इंजिन चालू स्थितीत असेल तर ते वेगळे विकले जाते, जाळी आणि विंच वेगळे, सागवानी फळ्या वेगळ्या. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत नौका शाकारून ठेवलेल्या असतात, तेव्हाच अशा व्यवहारांचा हिशेब होतो, आणि नारळी पौर्णिमेला कोणती नौका पाण्यात उतरणार नाही हे तोवर ठरलेले असते. कष्टाने उभी केलेली नौका भावकीतल्या तरुणाला किंवा आपल्याच जुन्या तांडेलाला कमी पैशांत, हप्त्यांनी देणे, हेही एक दानच. फक्त त्याची कुठे नोंद होत नाही.

तरीही कुणाला नौका मत्स्यविद्यालयाला, सागरी प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला किंवा गावच्या न्यासाला द्यायची असेल, तर काही गोष्टी आधी उरकाव्या लागतात. नौका सहकारी संस्थेमार्फत घेतलेल्या कर्जातून बांधली असेल, तर बोजा उतरवल्याशिवाय ती देता येत नाही. कर्जाला सही करणारे जामीनदार सहसा गावातलेच असतात आणि त्यांच्या डोक्यावर देणे ठेवून दान करणे योग्य नाही. 'आयएनडी-एमएच' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नव्या मालकाच्या नावे करावा लागतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ खालचा मासेमारी परवाना नौका दिली म्हणून आपोआप जात नाही, आणि २०१६ पासून पर्ससीन जाळ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आल्यानंतर तर हा फरक अधिकच महत्त्वाचा झाला. सवलतीचे डिझेलही नौका आणि परवाना यांच्याशी जोडलेले असते. दान घेणारा न्यास सार्वजनिक असेल, तर नौका त्याच्या मालमत्तेच्या नोंदीत यावी लागते आणि तिच्या देखभालीचा खर्च हिशेबात दिसावा लागतो. आणि नौका कुणालाच न देता मोडायची ठरली, तर तिची नोंदणी मत्स्यव्यवसाय विभागाकडे रद्द करून घेणे हे शेवटच्या मालकाचे काम. ते राहून गेले, तर मोडलेल्या नौकेचा क्रमांक दुसऱ्याच नौकेवर फिरू लागतो आणि किनाऱ्याच्या सुरक्षेलाच त्याचा धोका पोहोचतो.